चिमूटभर तांदळाचा पहारा

"होऽश्शियाऽर… जागं ऱ्हावा होऽऽ!"

म्हादू जागल्याचा हा आवाज ऐकायचे तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. भोरच्या अलीकडचं आमचं गाव. आवाज मारुतीच्या देवळापाशी उगवायचा, आमच्या आळीतून चालत यायचा आणि ओढ्याकडे मावळायचा. आमच्या दारापाशी त्याची काठी दोनदा आपटायची. आई झोपेतच म्हणायची, "गेला गं बाई," आणि कूस बदलायची. तो येईपर्यंत मला झोप लागायची नाही, आणि तो गेल्यावर जाग राहायची नाही.

लीड्समध्ये मला पंचेचाळीस वर्षं झाली. इथे दाराच्या वर पांढरा डबा आहे, अलार्मचा. त्याला चार आकडे लागतात. आमचे हे होते तोवर आकडे तेच दाबायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आता मी दाबते. डबा इमानी आहे, माझी तक्रार नाही. पण तो कधी दारावरून जात नाही, आणि गेल्याचं कळवत नाही.

मार्चमध्ये आमच्या सुनेची आई आली. सून रेत्नो, जावा बेटावरची, इथल्याच हॉस्पिटलात नर्स. माझा मुलगा क्षितिज तिला तिथेच भेटला, मोडका हात घेऊन गेला होता, तो आणि हृदय दोन्ही तिच्या हवाली करून आला. त्यांचं घर माझ्यापासून चार दारं सोडून, त्याच विटांच्या ओळीत. त्यांना मुलगी झाली, दिया, आणि लेकीचं बाळंतपण करायला सुमिनीबाई आल्या. साठीच्या, चणीने लहान, केसांचा घट्ट अंबाडा. मँचेस्टरच्या विमानतळावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "बेसान!"

मी रेत्नोला म्हटलं, "आहे गं घरी, दोन किलो आहे. पण आल्या आल्या कशाला लागलं?"

रेत्नो इतकी हसली की तिच्या हातातली दिया दचकली. त्यांच्या भाषेत व्याही-विहिणीला बेसान म्हणतात म्हणे. त्या दिवसापासून त्यांची मी बेसान आणि माझ्या त्या विहीणबाई. बोलायची अडचण फारशी आली नाही. सुमिनीबाई अकरा वर्षं सिंगापूरला एका घरी कामाला होत्या, त्यामुळे स्वयंपाकघरापुरतं इंग्रजी त्यांना चांगलं येतं. आणि दोन विहिणींना स्वयंपाकघराबाहेरचं इंग्रजी लागतं कधी?

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी दार उघडलं, तर फुलांची टोपली टांगायच्या हुकाला टोमॅटोचा रिकामा डबा लटकत होता. तारेची कडी. आत चिमूटभर तांदूळ.

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं मोजली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण आधी दार लावून घेतलं. मी क्रॉयडनला आशाला फोन लावला. आशा माझी मैत्रीण, माझ्याच वर्षी या देशात आलेली.

"लिंबू आहे का बघ त्यात," ती म्हणाली.

"नाही गं."

"हळद-कुंकू? टाचणी?"

"काही नाही. नुसते तांदूळ."

"नुसते? मग जास्तच वाईट. उतारा आहे तो, सुलक्षणा. हात नको लावूस."

"आशा, आपण इंग्लंडात राहतो."

"मग? करणीला व्हिसा लागतो का?"

मी भांडी घासायचे पिवळे हातमोजे चढवले, तांदूळ परसात पाखरांना टाकले, डबा हिरव्या बिनमध्ये टाकला, आणि कधी नव्हे ते पाय धुऊन घरात आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी परसात कोथिंबीर खुडत होते. इथे त्या दिवसांत सातला लख्ख उजेड असतो. पुढच्या बाजूने एकाएकी टणटणाट सुरू झाला. टण टण टण टण, मध्ये दम नाही, ठेका नाही. धावत पुढे आले. माझ्या फाटकात सुमिनीबाई उभ्या. छातीशी बाटिकच्या कापडात बांधलेली दिया, एका हातात पातेलं, दुसऱ्यात डाव. डोळे दारावर खिळलेले आणि डाव चालूच. दिया आनंदाने पाय झाडत होती. समोरचे मिस्टर हार्ग्रीव्ह सपाता घालून रस्त्यात आले होते आणि विचारत होते, आग लागलीय का?

मी घराला वळसा घालून पुढे आले, हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांनी मला पाहिलं. डाव खाली पडला. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग दंड चाचपले, मग मला गर्रकन फिरवून पाठ बघितली, बाजारात कोंबडी बघतात तशी.

"तू जिवंत!" त्या म्हणाल्या. "मग डबा कुठे?"

अर्ध्या तासाने आम्ही सगळे माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मिस्टर हार्ग्रीव्हही, कारण त्यांना घरी जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. रेत्नोने समजावून सांगितलं.

सुमिनीबाईंची वाडी ज्वालामुखीच्या मांडीवर आहे. तीस-चाळीस उंबरे, मध्ये भातखाचरं, वर धुराची पातळ शेंडी सोडणारा डोंगर. तिथे पोलीस लांब, दवाखाना त्याहून लांब. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येक घर दारात एक डबा टांगतं, त्यात चिमूटभर तांदूळ. पहाऱ्याची पाळी असलेले पुरुष फिरत फिरत ते गोळा करतात. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाची चूल थंड पडली, की त्यातलं धान्य तिकडे जातं. पहाऱ्याच्या खोपटात एक पोकळ लाकडी ढोलकं टांगलेलं असतं. चोर आला तर एक ठेका, आग लागली तर दुसरा, डोंगर खवळला तर तिसरा. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही सगळे ठेके पाठ.

"तांदूळ म्हणजे निमित्त," सुमिनीबाई म्हणाल्या. "डबा रिकामा दिसला की दार वाजवायचं. डबाच नसला की ढोलकं."

"आणि या पहाऱ्याला काय म्हणता?" मी विचारलं.

"रोंडा."

"आमच्याकडे रोंद म्हणतात," मी म्हटलं. "म्हादू जागल्या रोंद घालायचा."

"चोर दाराने येतो," सुमिनीबाई रेत्नोकडे बघून म्हणाल्या, आणि तिने मला सांगितलं. "पण आजार आतून येतो, म्हातारपण आतून येतं. तिथे कुलूप काय करणार? तिथे शेजारी लागतो."

"पण मला आधी सांगायचं तरी!"

सगळ्यांनी क्षितिजकडे पाहिलं. तो कान खाजवत त्याच्या इथे वाढलेल्या, अडखळत्या मराठीत म्हणाला, "आई, सॉरी हां. बू मला म्हणाली होती, आईला सांग. माझा मीटिंग लांबली, मग सांगायचा राहिला." रेत्नो आईला बू म्हणते, म्हणून तोही.

मग मला उताऱ्याचं कबूल करावं लागलं. हातमोज्यांसकट. रेत्नोने ते जावानीजमध्ये सांगितलं तेव्हा सुमिनीबाई टेबलावर डोकं टेकवून हसल्या. मिस्टर हार्ग्रीव्ह घसा खाकरून म्हणाले, "माझ्या दाराला का नाही डबा?"

तिथून आमचा उन्हाळा सुरू झाला.

रोज सातला सुमिनीबाई दियाला छातीशी बांधून निघायच्या. हातात माझा स्टीलचा डबा. आधी क्षितिजचं दार, मग हार्ग्रीव्हांचं, मग माझं. जूनपर्यंत सात दारांना डबे लागले. हार्ग्रीव्ह खिरीचा गोल तांदूळ टाकायचे, सांगूनही ऐकायचे नाहीत. कोपऱ्यावरची नीना, गुजरातहून आलेली, डब्यात तांदळाबरोबर एक वेलदोडा ठेवायची. रविवारी सगळा मिसळून सुमिनीबाई पिवळा भात करायच्या, नारळाच्या दुधातला. हार्ग्रीव्हांच्या तांदळामुळे त्याचा नेहमी गोळा व्हायचा. तो गोळा आम्ही सगळे मिळून संपवायचो.

मी सातच्या आधीच आरशात बघून घ्यायला लागले. केस सारखे करायचे, डब्यात चिमूट टाकायची, आणि दाराआड उभी राहायची. पावलं आली की कडीचा बारीक आवाज यायचा, मग बोटांची टकटक, दोनदा. "बेसान, ओके?" "ओके, विहीणबाई." बस, एवढंच. पण त्यानंतर घर निवायचं. माझी आई जात्यावर ओव्या जुळवायची, मला वाटायचं ते जात्याबरोबरच गेलं. पण एक दिवस कणीक मळता मळता ओठांवर आपसूक आलं:

विहीण माझी आली । सात दर्यांच्या पल्याड
तिच्या चिमूटभर दाण्यांत । माझ्या जिवाचं बिऱ्हाड

जुलैत रेत्नो आणि क्षितिज माझ्याकडे आले, दोघांचे चेहरे काहीतरी ठरवून आल्यासारखे.

"आई," रेत्नो म्हणाली, "बूला परत पाठवायला मला भीती वाटते. एकटी आहे. वर डोंगर. मागच्या वर्षी राख पडली तर कौलांवर चढून झाडत होती. माझा चुलतभाऊ घर विकत घ्यायला तयार आहे. बूने घर विकावं आणि इथे यावं."

"व्हिसाचं वकीलबाई बघतील," क्षितिज म्हणाला. "एकदा परत जाऊन अर्ज करावा लागेल, वेळ लागेल, नक्की काही नाही. पण तिकडे घर नसेल तर केस जरा बरा होते, असं त्या म्हणतात. आणि आई, बू तुझ्याकडे राहील. तुझी मागचा खोली. दोघी आया एका घरात. आम्हाला काळजी नको."

"विहीणबाई काय म्हणतात?"

"हो म्हणाली," रेत्नो म्हणाली. "मान हलवली."

मी मागच्या खोलीतल्या यांच्या पुस्तकांची खोकी त्याच आठवड्यात माळ्यावर टाकून घेतली. भिंतीला फिकट हिरवा रंग दिला. रंग सुमिनीबाईंना विचारून निवडला होता. त्या डब्यातल्या रंगाकडे खूप वेळ बघत राहिल्या.

"माझ्या घरात अशीच फरशी," त्या म्हणाल्या.

आणि मग, दिया शेजारी झोपली असताना, वाटाणे सोलत त्यांनी मला ते घर दाखवलं. फोटो नव्हता दाखवला, नुसत्या बोटांनी ओट्यावर रेघा ओढल्या. दक्षिणेला तोंड. सिंगापूरच्या पहिल्या दोन वर्षांचा पाया. तिसऱ्या-चौथ्याच्या भिंती. पाचव्याचं छप्पर. सातव्या वर्षाच्या खिडक्या, सागवानी. नवव्याची फरशी, फिकट हिरवी. अकराव्याचं न्हाणीघर, आत पाण्याचा हौद. मागे दोन नारळ, एक फणस. ती कोंबडीची जागा, ती लाकडं ठेवायची. प्रत्येक रेघेला एक वर्ष होतं.

"मग परतल्यावर रेत्नो नर्सिंगला शहरात, मग मी पुन्हा दुसरीकडे कामाला, मग ती इथे. त्या घरात मी राहिले फक्त चार वर्षं," त्या म्हणाल्या.

वाटाण्याची शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली.

"बेसान, मला तिथे जायचंय. तिथेच म्हातारं व्हायचंय. दर वर्षी इथे येईन, दियाला बघेन. पण घर… घर विकायचं नाही."

"मग सांगा ना रेत्नोला!"

त्यांनी घाईने नाही अशी मान हलवली. "ती पाच वर्षांची असताना मी गेले. माझ्या आईपाशी ठेवून. रविवारी दुकानातल्या फोनवर ती विचारायची, कधी येणार? मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. दर वर्षी पुढच्या वर्षी. आता ती पहिल्यांदा म्हणते, राहा. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" मग माझा हात धरून, "तूही सांगू नकोस."

मी हो म्हटलं. शब्द दिला म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगितलं. एक आठवडा ते खरंही वाटलं. पण खोलीला पडदे शिवताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. कुणी घर गमावणार होतं आणि मी त्या खोलीच्या पडद्यांना झालर लावत होते. सात वाजताची टकटक कायमची माझी होणार, म्हणून.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कागद आले. चुलतभावाला घराचा व्यवहार करायचा अधिकार देणारं पत्र, सहीच्या जागी पेन्सिलची फुली. आम्ही क्षितिजच्या घरी जेवायला बसलो. पिवळा भात होता, गोळा झालेला. सुमिनीबाईंनी सगळ्यांना वाढलं, दियाला मऊ करून भरवलं, हात धुतले, पुसले, अंबाडा घट्ट केला. मग चष्मा लावला आणि पेन घेतलं. चेहरा हसराच होता. तो हसरा चेहरा मला बघवेना.

"थांबा," मी म्हटलं.

"काय झाला, आई?" क्षितिज म्हणाला.

"विहीणबाई, मी शब्द मोडतेय. रागवा पाहिजे तर." मी रेत्नोकडे वळले. "रेत्नो, तुझ्या आईला घर विकायचं नाहीये. त्यांना परत जायचंय. त्यांनी मला जुलैतच सांगितलं होतं."

"जुलैत? आणि तुम्ही आता सांगताय?"

"हो. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, पण ते निमित्त. मला त्या हव्या होत्या. माझ्यासाठी. तू म्हणतेस त्या तिकडे एकट्या आहेत. अगं, तिकडे डबा रिकामा राहिला तर चाळीस घरं उठतात. एकटी कोण आहे? एकटी मी आहे. संध्याकाळी कुणी दार वाजवावं म्हणून मी तुझ्या आईचं घर विकायला निघाले होते."

क्षितिज माझ्याकडे बघत राहिला. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर रोज "मी मस्त" म्हणायचे.

रेत्नो आईकडे वळून काहीतरी बोलली, हळू. सुमिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. दियाच्या टोपऱ्याची नाडी सोडून पुन्हा बांधली.

रेत्नोने कागद उचलला, चार घड्या घातल्या, आणि दियाच्या डुगडुगणाऱ्या उंच खुर्चीच्या पायाखाली सरकवला. खुर्ची डुगडुगायची थांबली.

"जा मग," ती म्हणाली, इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून. डोळे भरले होते आणि हसतही होती. "सप्टेंबरला जा. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिकडे येऊ. दियाला त्या हौदात आंघोळ घालू. पण कौलांवर चढायचं नाही. पहाऱ्याच्या पोरांना सांग."

"नाही चढणार," सुमिनीबाई म्हणाल्या.

"चढणार तू. मला माहितीये."

"थोडंसं चढेन."

सगळे हसलो. क्षितिज उठून माझ्या खुर्चीमागे आला आणि माझ्या खांद्यांवर हात ठेवून म्हणाला, "रोंद मी घालतो. सात वाजता. दियाला घेऊन. चालेल?"

"तुझी मीटिंग लांबली तर?"

"तर मिस्टर हार्ग्रीव्ह पातेला वाजवतील ना."

मला वाटलं, झालं. सगळं जागच्या जागी बसलं. मी ताटं उचलायला लागले. पण सुमिनीबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग त्या रेत्नोकडे वळल्या आणि तिला आपल्या भाषेत सांगू लागल्या. दोन वाक्यं बोलायच्या आणि थांबायच्या, मुलीने ती आम्हाला सांगावीत म्हणून. रेत्नो पहिल्यांदा अडखळली. मग आईच्या पाठीवर हात ठेवून एकेक वाक्य सांगत गेली.

"बू म्हणते, आज सगळं मोकळं होतंय, तर हेही होऊ दे.

"ती म्हणते, तू फोनवर विचारायचीस तेव्हा मी सांगायचे, मालकीण सोडत नाही. ते खरं नव्हतं. मालकीण चांगली होती. दर दोन वर्षांनी ती विचारायची, सुमिनी, घरी जातेस का? तिकीट काढू का? आणि दर वेळी मीच म्हणायचे, अजून खिडक्या राहिल्यात. अजून फरशी राहिलीय.

"ती म्हणते, मला कुणी अडवलं नव्हतं, बाळा. मला येता येत होतं. मी घरासाठी थांबले."